‘एकमेकांच्या’ हा शब्द

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की ‘समर्पण’ हा शब्द ठरल्यासारखा येतो. ना. वा. टिळकांची कविता म्हणजे समर्पण, ‘स्मृतिचित्रे’ म्हणजे पतीच्या मागून जाणाऱ्या पत्नीचे समर्पण, पंडिता रमाबाई म्हणजे समर्पित जीवन. उत्तरपत्रिकांत हे इतक्यांदा वाचावे लागते की आम्हांला त्या शब्दाचा कंटाळा आला आहे. पण प्रश्न कंटाळ्याचा नाही. या एका शब्दाखाली देवापुढे नमणे आणि माणसापुढे नमणे या दोन भिन्न गोष्टी बेमालूम मिसळून जातात.

ख्रिस्ती जीवनात या दोहोंचा संबंध काय, याचे मूळ पौलाच्या नावे असलेल्या इफिसकरांस पत्रात, पाचव्या अध्यायात सापडते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे बाविसावे वचन सर्वांना पाठ असते. लग्नाच्या उपदेशातही ते हटकून येते. मात्र ग्रीक भाषेतील सर्वांत जुन्या हस्तलिखितांत या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्या वचनातून उसने घ्यावे लागते आणि तिथे सांगणे आहे ते सर्व विश्वासणाऱ्यांनी ख्रिस्ताचे भय धरून एकमेकांच्या अधीन होण्याचे. अनेक छापील आवृत्त्यांत नेमके या दोन वचनांच्या मध्ये नवे शीर्षक येते आणि वाक्य तुटते. संपादकीय सोय म्हणून हे क्षम्य असेल. परिणाम मात्र क्षम्य नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘सोस’ म्हणून सांगताना शीर्षकाखालचे वचन ऐकवले जाते, वरचे कोणी ऐकवत नाही. याच पत्रात मुलांना व दासांना सांगताना आज्ञापालनाचे निराळे क्रियापद योजले आहे, हेही भाषेच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

हा भेद रमाबाईंना फार लवकर उमगला होता, असे आमचे मत आहे. १८८३ साली वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला), तो आज्ञाधारक शिष्येचा मुळीच नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्या वाद घालतात. पुरुषांना शिकवू नये म्हणून बिशपांनी घेतलेली हरकत त्यांना झोंबते. ब्राह्मण पुरोहितांचे जोखड नुकतेच उतरवले, ते पुन्हा दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख आहे. त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा आरोप झाला. आणि हीच बाई पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने, वैधव्याने उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांसाठी स्वतःला अक्षरशः झिजवते आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम करत राहते. यात आम्हांला विसंगती दिसत नाही. सत्तेपुढे न वाकणारी मान दुर्बलापुढे वाकली, इतकेच. नव्हे, बिशपांपुढे ती वाकली असती तर केडगावचे काम कितपत उभे राहिले असते?

लक्ष्मीबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणूनच अधिक मोलाचे. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले ते पत्नीला विचारून नव्हे. याला ‘एकमेकांच्या अधीन’ असणे म्हणता येणार नाही; टिळकभक्तांना हे रुचले नाही तरी म्हटले पाहिजे. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ परतल्या त्या सोवळे-ओवळे सोबत घेऊनच. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. सोवळे हळूहळू सुटले आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो जातिभेदाचा विचार स्वतःच्या मनाशी तडीस नेल्यावर. ‘पतीमागून गेली’ हे विधान या पाच वर्षांना पुसून टाकते. शिवाय पतीच्या विक्षिप्तपणाची त्या ज्या मिस्कीलपणे नोंद करतात, तो स्वर अंकिताचा खासच नव्हे.

भक्तिपरंपरेतील शरणागतीशी या साहित्याची तुलना करणारे प्रबंध होतात. टिळकांवरील तुकारामांचा प्रभाव पाहता ते योग्यच आहे. पण शरणागतीत भक्त आणि देव हे दोघेच धरले, तर पौलाच्या वाक्यातला तिसरा, म्हणजे शेजारी बसलेला माणूस, निसटतो. १९१९ साली टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. कविपतीचे काव्य हाती घेऊन त्यात आपली रचना घालणाऱ्या या स्त्रीने कोणाच्या अधीन राहून लिहिले, यावर एखादा प्रबंध आम्हांला वाचायला आवडेल.