जुन्या वाड्यातील पंगत

मनुष्याची परीक्षा त्याच्या बोलण्याचालण्यावरून करावी असे म्हणतात. परंतु एखाद्या समाजाची परीक्षा करावयाची असेल तर त्याच्या पंक्तीकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. पंक्तीत कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोण वाढतो, कोण दाराबाहेर तिष्ठत राहतो, आणि ज्या हातांनी अन्न रांधले ते हात शेवटी कोठे बसून जेवतात, एवढे नीट पाहिले म्हणजे शंभर व्याख्यानांनी जे कळावयाचे नाही ते एका जेवणात कळून येते. अलीकडे जुने वाडे व हवेल्या दुरुस्त करून तेथे त्या त्या प्रांताचे जुन्या रीतीचे जेवण पाहुण्यांस देण्याचा प्रघात पडला आहे. कोणी ह्यास केवळ श्रीमंतांची हौस म्हणतात, कोणी जुन्याचे वेड म्हणतात. आमच्या मते ह्या प्रघातात एक मोठी गोष्ट साधण्यासारखी आहे. मात्र ती आपोआप साधणारी नाही. ह्या दोन्ही गोष्टी वाचकांपुढे मांडाव्या, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

उदाहरणादाखल एकच घर घेऊ. दक्षिण गोव्यात केपे नावाचे गाव आहे. तेथे कुशावती नदीच्या काठी, चर्चच्या अगदी समोर, ‘पालासियो दो देआंव’ म्हणजे डीनसाहेबांचा वाडा उभा आहे. जुझे पावलू नावाच्या एका पोर्तुगीज धर्माधिकाऱ्याने तो १७८७ साली बांधला, आणि केपे शहर वसविण्याचे श्रेयही त्यालाच देतात. ज्या काळी हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती नुकताच आला होता त्या काळची ही वास्तू असल्यामुळे तिच्यात पोर्तुगीज धाटणी व येथील घरबांधणीची रीत ह्यांचा मिलाफ झालेला दिसतो. पुढे काळ फिरला, वाड्याची रया गेली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी एका दांपत्याने तो हाती घेऊन, वर्षानुवर्षे खपून, घर व बाग ह्यांचे जुने रूप परत आणिले. आणि आगाऊ कळवून येणाऱ्या पाहुण्यांस नदीच्या बाजूच्या ओसरीवर गोमंतकी जेवण वाढण्याची चाल पाडली. तीन राजवटी, एक धर्मसंस्था व एक नदी ज्या घराने पाहिली त्या घरात बसून घास घेताना मनुष्य थोडा विचारी झाला नाही तरच नवल.

आणि विचार करावयास त्या प्रांताचे ताटच पुरेसे आहे. गोमंतकातील ख्रिस्ती घरच्या जेवणात विंदालू हा पदार्थ प्रसिद्ध आहे. त्याचे मूळ पोर्तुगीज नाव द्राक्षमद्य व लसूण ह्या दोन वस्तूंवरून पडलेले आहे. गोव्यात आल्यावर मद्याची जागा माडाच्या सुरीपासून केलेल्या शिरक्याने घेतली. तिखटपणा मिरचीने दिला. आणि ती मिरची पोर्तुगीजांच्याच गलबतांतून अमेरिकेहून आली. म्हणजे ज्या पदार्थास आपण अस्सल गोमंतकी म्हणतो त्यात तीन खंडांचा वाटा आहे. बेबिंक घ्या. नारळाचे दूध, अंड्यांतील बलक, साखर, पीठ व तूप ह्यांचा एक थर वरून निखाऱ्यांची धग देऊन भाजावयाचा, मग त्यावर दुसरा ओतावयाचा. घाई करणाऱ्याचे ते कामच नव्हे. हिंदू घरच्या माशांच्या हुमणात आंबटपणासाठी बहुधा आमसूल पडते, ख्रिस्ती घरी पुष्कळदा शिरका पडतो. परंतु नारळ तोच, मासा तोच आणि भातही तोच. आपल्या मराठी भाषेकडे पाहिले तर बटाटा, काजू, अननस व पाव हे शब्द ह्याच वाटेने आपल्या घरात आलेले आहेत. एकादशीच्या फराळाला बटाट्याची भाजी करणाऱ्या किती माउलींना तो परदेशचा पाहुणा आहे हे ठाऊक असेल?

परंतु हा सगळा गोड इतिहास नव्हे. आणि मिशनच्या शाळेच्या मासिकात लिहिताना त्यातील कडू भाग झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या राज्यात हे पदार्थ जन्मास आले त्याच राज्यात १५६० साली धर्मन्यायपीठ स्थापन झाले व मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत ते चालू होते. त्याच्या १७३६ सालच्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती लोकांवर जे अनेक निर्बंध घातले होते त्यांत असाही एक होता की, त्यांनी हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये. चुलीवरच्या भांड्यात मीठ पडले की नाही हे पाहण्यापर्यंत ज्या सत्तेची मजल गेली तिने देवाचे नाव घेऊन माणसाच्या घरात केवढी भीती पेरली असेल, ह्याची कल्पनाच करावी. आमच्या धर्मबंधूंच्या हातून हे झाले, म्हणून ते आम्हीच आधी सांगितले पाहिजे.

तशीच दुसरी बाजूही आहे. विहिरीत पावाचा तुकडा टाकला, नकळत ते पाणी पिणारे सारे गाव बाटले, आणि आपल्याच भाईबंदांनी त्यांस पुन्हा पंक्तीस घेतले नाही, अशी कथा कोकणात व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ती शब्दशः कितपत खरी हा वाद बाजूस ठेवला, तरी लोकांना ती खरी वाटत आली हेच पुरेसे बोलके आहे. पुढे १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या नामांकित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरून खाली ठेवला. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. नावे वर्तमानपत्रांत छापून येताच शहरात केवढा गहजब उडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले, आणि शेवटी रानड्यांसारख्या पुरुषासही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याने धर्म बुडतो, ही समजूत त्या काळच्या सुशिक्षितांसही झुगारून देता आली नाही.

सारांश, पाद्रीसाहेबांच्या आज्ञापत्राने काय किंवा भटजीबुवांच्या प्रायश्चित्ताने काय, अन्नाची भिंतच केली. ज्या वस्तूने माणसे जवळ यावीत तिनेच त्यांस दूर केले. आपल्या देशात ही भिंत ज्यांनी फोडली त्यांत शाहू छत्रपतींचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थाने हॉटेल काढले, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तेथे जाऊन चहा घेत. त्या चहाच्या कपाने जे काम केले ते पुष्कळ ठरावांनी झाले नसते. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणासही मज्जाव करण्यास बंदी केली. उपाहारगृहासारखी साधी जागा राज्यघटनेत नाव घेऊन सांगावी लागली, ह्यावरूनच ती किती काळ बंद होती हे कळते.

आता वाड्यातील जेवणाकडे पुन्हा वळू. अशा वाड्यांच्या मेजाभोवती एके काळी कोण बसत असतील हे सांगावयास नको. आज त्याच ओसरीवर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, ब्राह्मण, मराठा, महार असा कोणीही बसतो, आणि त्याला त्याची जात कोणी विचारीत नाही. ज्या घराचा उंबरठा पूर्वी मोजक्या लोकांनीच ओलांडावा, त्याचा दरवाजा अन्नानेच उघडला. ही आमच्या मते ह्या प्रघातातील मोठी गोष्ट होय. जुने घर पदार्थसंग्रहालयाप्रमाणे दोरी बांधून ठेविले, तर लोक भिंती पाहून परत जातात. त्याच घरात चूल पेटली की घर जिवंत होते, आणि आत येणारा मनुष्य प्रेक्षक न राहता पाहुणा होतो.

कोणी म्हणेल, “परकी सत्ता १९६१ साली गेली, मग तिच्या अधिकाऱ्यांची घरे आम्ही का जतन करावी?” ह्याचे उत्तर असे की, घर मालकाच्या नावाचे असले तरी ते त्याने आपल्या हातांनी बांधलेले नसते. गोव्यातील अशा घरांचा जांभा दगड येथल्याच मातीतला, तो घडविणारे पाथरवट व शिंपल्यांची तावदाने बसविणारे सुतार येथलेच. वाडा पाडला तर डीनसाहेबांची काही हानी होत नाही. त्या अनामिक कारागिरांची मात्र एकुलती एक निशाणी पुसली जाते. शिवाय घरे पडावयास शत्रूच लागतो असे नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यातून आलेली वारसापद्धती अद्याप चालते; मिळकतीचा निम्मा भाग अपत्यांकडे गेलाच पाहिजे. नियम न्यायाचा आहे. पण तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस-पंचवीस वारस होतात, त्यांतले निम्मे मुंबईस किंवा परदेशी असतात, आणि कौल बदलावयास कोणीच पुढे येत नाही. कुलूप गंजते, छप्पर बसते. अशा वेळी येणाऱ्या पाहुण्याच्या ताटामुळे जर कौल शाबूत राहत असतील, तर त्या ताटास नावे ठेवण्यात शहाणपण नाही.

तथापि एक भिंत गेली म्हणून सर्व भिंती गेल्या असे समजणे भोळेपणाचे होईल. जातीची भिंत जेथे होती तेथे आता पैशाची भिंत उभी राहते. ज्या कोळिणीने मासळी आणली, ज्या बाईने पहाटे उठून नारळ खोवला व मसाला वाटला, तिला त्या ओसरीवर आपल्या मुलांसह एकदा तरी बसण्याचे सामर्थ्य असते काय? पाहुण्यांस घराच्या संस्थापकाचे नाव, त्याचे कुळ व बांधकामाचे साल सांगतात. परंतु स्वयंपाकघरातील हातांची नावे बहुधा कोणी सांगत नाही आणि आम्ही पाहुणेही विचारीत नाही. पूर्वी रांधणारीस शेवटी, मागच्या पडवीत, उरलेसुरले खावे लागत असे. आजही ती जर मागच्याच दारी राहिली, तर आम्ही फक्त मेजाभोवतालची माणसे बदलली, पंगत बदलली नाही.

म्हणून अशी घरे चालविणाऱ्यांस आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, दर्शनी भिंतीवर वास्तूच्या मालकाचे नाव असेल तर त्याच्या शेजारी स्वयंपाक करणाऱ्यांची नावेही असावीत. दुसरी, वर्षातून निदान एक दिवस त्या गावच्या लोकांची व घरी राबणाऱ्यांच्या कुटुंबांची पंगत त्याच ओसरीवर, त्याच ताटांत बसवावी. आणि त्या दिवशी मालकांनी स्वतः वाढावे. तिसरी, ज्या वृद्ध स्त्रियांना जुन्या पाककृती ठाऊक आहेत त्यांच्याकडून त्या लिहून घेऊन गावच्या मुलामुलींना शिकवाव्या. वाडा पडला तर दगड पुन्हा रचता येतील, परंतु हाताला ठाऊक असलेले मिठाचे प्रमाण त्या हातांबरोबरच जाते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस केप्यापर्यंत जाण्याचा योग येईल किंवा न येईल. परंतु तुमच्या मधल्या सुट्टीच्या डब्यात किंवा शाळेबाहेरच्या गाडीवर जो पाव मिळतो, त्याच्याकडे एकदा विचाराने पाहा. ज्या पावाच्या तुकड्याने एके काळी गावेच्या गावे बाटली असे मानीत, तोच पाव आज गिरणगावापासून कोल्हापुरापर्यंत मिसळीबरोबर व वड्याबरोबर सर्व जातींची मुले एकाच बाकावर बसून खातात. एवढे मोठे परिवर्तन झाले, आणि ते होताना कोणी नगारा वाजविला नाही! प्रभू येशू जकातदारांच्या घरी जेवावयास बसला म्हणून त्या काळच्या शिष्ट मंडळींनी नाके मुरडली, हे तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकला आहात. त्याने त्या घरी उपदेशाच्या आधी पंगत मांडली, हे मात्र आपण विसरतो.

तेव्हा पुढे कधी अशा जुन्या घरी जेवावयास गेलात, तर खिडक्यांची व झुंबरांची स्तुती अवश्य करा. परंतु उठण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या दाराशी जा, ज्यांनी रांधले त्यांची नावे विचारा आणि त्यांस नमस्कार करा. आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर आईला एवढेच विचारा, “आई, तू जेवलीस का?” ह्या प्रश्नापासून जो आरंभ करील त्यालाच जुन्या वाड्यातील पंगतीचा अर्थ खरोखर कळेल.