प्रवासाची पिशवी आणि जलसंजीवनी

परवा देवदर्शनाहून परतलेले एक कुटुंब दीड वर्षाच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आले. वाटेत जुलाब लागले, म्हणून आजींनी त्याचे पाणी तोडले होते. डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. थोडक्यात निभावले.

लहान मूल आहे म्हणून प्रवास टाळा, असे मी म्हणणार नाही. मामाचे गाव त्यालाही दिसू दे. पण पिशवीत खेळण्यांआधी जलसंजीवनीची पाकिटे ठेवा. एक लिटरचे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळा, चमच्याचमच्याने पाजा. २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या. अंगावरचे दूध थांबवू नका. मूल मलूल दिसले, तर पुढचा मुक्काम सोडा, जवळचा दवाखाना गाठा. सुकत्या रोपाचे पाणी कोणी तोडते का?