रुसवा इंग्रजीत लिहिताना

मैत्रिणींनो, रागरुसव्याच्या शब्दांना आपल्या मराठीत तोटा नाही. वाईट वाटलं, मन दुखावलं, जिव्हारी लागलं, अपमान झाला! कुठला कधी वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण सून बंगळुरूची असली किंवा पुतणे अमेरिकेत वाढलेले असले, की तोच निरोप इंग्रजीत पाठवावा लागतो आणि गाडी अडते. मी इथे मूलला शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते, त्यामुळे असे निरोप तपासून घ्यायला शेजारपाजारच्या बायका मोबाइल घेऊन येतात.

सगळ्यांत मोठा घोळ ‘आय फेल्ट बॅड’चा. आपल्या मते ते ‘मला वाईट वाटलं’. पण इंग्रजीत वाढलेला माणूस पुष्कळदा त्याचा अर्थ घेतो, ‘माझं चुकलं, मला खंत वाटते.’ एका बाईंना न विचारता बारशाची तारीख ठरली, म्हणून त्यांनी सुनेला असं लिहिलं. उत्तर आलं, ‘असू द्या आई, मनाला लावून घेऊ नका.’ म्हणजे रुसल्या या, आणि माफीही मिळाली यांनाच!

‘अपसेट’ तर गाठोडंच आहे. दुःख, चीड, काळजी, सगळं त्यात मावतं. पोटसुद्धा अपसेट होतं. नेमकं काय बोचलं ते त्यातून कळत नाही.

घरच्या माणसाला लिहायचं तर ‘हर्ट’ बरा. त्यात बोट समोरच्याकडे नसतं, आपल्या मनाकडे असतं. मात्र कशाने दुखावलात ते पुढे लिहा. ‘आय वॉज हर्ट बाय व्हॉट यू सेड’, म्हणजे तुझ्या बोलण्याने मी दुखावले. नुसतंच ‘आय वॉज हर्ट’ लिहिलं तर ‘पडलात की काय?’ असा फोन यायचा.

‘ऑफेंडेड’ थोडा परका शब्द. समोरच्याने मर्यादा सोडली, असा त्यात सूर आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला चालेल, पोटच्या लेकाला लिहिलात तर फार थंड वाटेल. ‘इन्सल्टेड’ त्याहून कडक, तो सरळ आरोपच. एकदा लिहिला की मागे घेणं अवघड.

म्हणून तो कधी लिहूच नये का? मला तसं वाटत नाही. चारचौघांत कुणी तुमच्या माहेराचा उद्धार केला, देण्याघेण्यावरून टोमणा मारला, तर तिथे ‘हर्ट’ लिहून भागत नाही. आपण हळव्या आहोत, एवढंच त्यातून समोरच्याला कळतं. त्याचं वागणं बाजूलाच राहतं. नातं टिकावं म्हणून आपण बायका नेहमी मऊ शब्दाकडे वळतो. अशा वेळी ‘इन्सल्टेड’च लिहावं, आणि काय बोलणं झालं तेही लिहावं.

आता एक गंमत. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात वाघाने कुणाला जखमी केलं, की इंग्रजी पेपरात ‘इंज्युअर्ड’ छापून येतं. रोजच्या वापरात ‘इंज्युरी’ शरीराची आणि ‘हर्ट’ बहुधा मनाचा. कायद्यात मात्र उलट! १८६०च्या भारतीय दंड संहितेत ‘हर्ट’ म्हणजे फक्त शरीराला झालेली वेदना, आजार किंवा दुर्बलता. आणि ‘इंज्युरी’त शरीर, मन, अब्रू, मालमत्ता या सगळ्यांची बेकायदेशीर हानी येते. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिनेही या व्याख्या तशाच ठेवल्या. तेव्हा तक्रार द्यायची वेळ आलीच, तर इंग्रजी शब्द शोधत बसू नका. कोण, कधी, कुणासमोर, काय बोललं ते मराठीतच जसंच्या तसं लिहून द्या.

आणि हो, ‘हर्टेड’ असं रूप इंग्रजीत नाही. काल दुखावलं तरी ‘हर्ट’च. स्पेलिंगही बघून घ्या, नाहीतर ‘हर्ट’चं ‘हार्ट’ होतं आणि वाचणारा डॉक्टरांचं नाव विचारतो.