छातीतल्या यंत्राची नोंदवही



या सदरात आपण एरवी बी-बियाणे आणि फवारणीचेच बोलतो. पण छातीत पेसमेकर बसवलेली माणसे आता खेड्यांतही भेटतात, म्हणून आज त्याविषयी थोडे. यंत्राविषयी कमी, त्याच्या नोंदीविषयी जास्त. कारण घोळ होतो तो तिथेच.

हृदयाचे ठोके फार मंद पडू लागले की गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक लहानशी डबी बसवतात. तिची तार हृदयात जाते आणि गरजेपुरता विजेचा हलका ठोका देते. १९५८ साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवलेली पहिली डबी काही तासांतच बंद पडली. पण पुढे यंत्रे बदलत बदलत ते २००१ पर्यंत जगले. आजची बॅटरी साधारण ८ ते १० वर्षे चालते.

ही डबी लिहूनही ठेवते. बॅटरी किती उरली, तार ठीक आहे का, ठोके कधी बिघडले, सारे तिच्यात असते. रुग्णाला न जाणवलेली हृदयाची थरथरही तिच्यात सापडते. अशा थरथरीत रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे गेली, तर अर्धांगवायू होतो. आधी कळले तर डॉक्टर रक्त पातळ ठेवण्याचे औषध देऊ शकतात. तेव्हा ‘दुखत तर काही नाही’ म्हणून पेरणीच्या घाईत तपासणीची तारीख चुकवू नका.

अडचण अशी, की एका कंपनीची डबी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने वाचता येत नाही. दवाखान्यात चार कंपन्यांचे रुग्ण आले की चार यंत्रे, चार तऱ्हेचे कागद! यावर उपाय म्हणून सगळ्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली निघाली. अमेरिकेत मेडट्रॉनिकची पेसआर्ट ऑप्टिमा ही त्यातलीच. कोणाची तपासणी राहिली, कोणाची बॅटरी संपत आली, हे ती काढून देते. एखाद्या क्रमांकाच्या यंत्रांत दोष असल्याचे कंपनीने कळवले, तर ती यंत्रे कोणाच्या छातीत आहेत हेही सापडते. अर्थात संगणक झाला म्हणजे निर्धास्त, असे नाही. २०२३ साली याच प्रणालीत नोंदी चोरता वा पुसता येतील अशी फट आढळली, आणि कंपनीला रुग्णालयांना दुरुस्ती करून घ्यायला सांगावे लागले.

आपल्याकडे अशी सोय सगळीकडे नाही; पुष्कळ ठिकाणी अजून फाईलच आहे. म्हणून यंत्र बसवल्यावर मिळालेले कार्ड जपा. कंपनी, यंत्राचा क्रमांक, बसवल्याची तारीख त्यावर असते. गायीच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्याला आपण जपतो, मग याला का नाही? एमआरआय करायचा झाला, तर तो करता येईल की नाही हे डॉक्टर त्यावरूनच पाहतात. वेल्डिंग करणाऱ्याने हात लावण्याआधी दवाखान्यात विचारावे.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण सांगतो. दहनात ही डबी फुटू शकते, म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी ती डॉक्टरांकडून काढून घ्यावी लागते. कार्ड कुठे ठेवले आहे हे घरात दोघा-तिघांना ठाऊक असू द्या.

आणि मोबाईलचा नंबर बदलला, तर तो दूध डेअरीत कळवाल तसाच दवाखान्यातही कळवा. यादीत नाव सापडले आणि नंबर मात्र भाच्याच्या जुन्या फोनचा निघाला, तर निरोप तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही.