विश्लेषण : लॉटरी कोण घेतं आणि का? लोक खरं उत्तर देतील असा सर्व्हे कसा करतात?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. राज्य सरकारांची कागदी लॉटरी मात्र १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार सुरूच आहे.

लॉटरीचा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, सरकार गरिबाच्या खिशात हात घालतंय. दुसरी म्हणते, लोक खुशीने तिकीट घेतात, विक्रेत्यांची घरं चालतात, सरकारला महसूल मिळतो आणि लॉटरी बंद केली तर हाच पैसा मटक्याकडे जाईल. दोन्ही बाजू तिकीट घेणाऱ्या माणसाबद्दल बोलतात. पण तो माणूस कोण आहे, किती खर्च करतो आणि त्याच्या मनात काय असतं, हे कळणार कसं?

सर्व्हे करून, हे सोपं उत्तर झालं. पण लॉटरीचा सर्व्हे करणं वाटतं तितकं सोपं नाही. तो चुकला तर निघणारा आकडा कोणत्याही बाजूला हवा तसा वापरता येतो.

विक्रीच्या आकड्यावरून हे कळत नाही का?

नाही. केरळने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये राज्य लॉटरी सुरू केली. कोणत्या सोडतीची किती तिकिटं विकली गेली, हे सरकारला कळतं. ती कोणी घेतली, हे कळत नाही.

समजा, एका भागात महिन्याला १० हजार तिकिटं खपली. ती १० हजार लोकांनी एकेक घेतली असतील, किंवा १०० लोकांनी प्रत्येकी १०० घेतली असतील. विक्रीचा आकडा दोन्हीकडे एकच. पण पहिल्या ठिकाणी लॉटरी ही हौस आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती काही घरांचं बजेट पोखरते आहे. सरकारने काय करावं याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येईल.

मग थेट विचारायला काय हरकत आहे?

थेट विचारलं की तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली गडबड शब्दांची. ‘तुम्ही जुगार खेळता का?’ असं विचारलं तर दर आठवड्याला तिकीट घेणाराही ‘नाही’ म्हणेल, कारण त्याच्या लेखी जुगार म्हणजे पत्ते आणि मटका. ‘तुम्ही कधी लॉटरीत भाग घेतलाय का?’ असं विचारलं तर म्हाडाच्या घरासाठी अर्ज केलेला माणूस ‘हो’ म्हणेल. आरटीई प्रवेशाच्या सोडतीत मुलाचं नाव असलेली आईही ‘हो’ म्हणेल. महाराष्ट्रात ‘लॉटरी’ या एका शब्दात तिकीट, घर आणि शाळा असं सगळंच येतं.

दुसरी गडबड संकोचाची. ब्रिटनमध्ये २००७ च्या राष्ट्रीय सर्व्हेत ६८ टक्के प्रौढांनी सांगितलं, की गेल्या वर्षभरात आपण कोणत्या ना कोणत्या प्रकारे पैसे लावले. ५७ टक्के लोकांनी नॅशनल लॉटरीचं तिकीट घेतलं होतं. पण त्याच सर्व्हेत जुगाराबद्दलचं मत विचारलं तेव्हा एकूण कल नापसंतीकडेच होता. म्हणजे मत एक आणि वागणं दुसरं. फक्त मत विचारणारा सर्व्हे अर्धीच गोष्ट सांगतो.

तिसरी गडबड हिशेबाची. एकाने खिशातले ५०० रुपये तिकिटांवर घातले. त्यातून ३०० रुपयांचं बक्षीस लागलं. त्या ३०० ची पुन्हा तिकिटं घेतली आणि तीही गेली. त्याचा खर्च किती? तिकिटांची किंमत धरली तर ८०० रुपये आणि खिशातून गेलेले धरले तर ५०० रुपये. कोणी ‘३०० तर लागले होते’ म्हणून २०० सुद्धा सांगेल. प्रश्नात नेमकं काय मोजायचं हे लिहिलेलं नसेल, तर तिन्ही उत्तरं एकाच रकान्यात जाऊन बसतात.

‘मिश्र पद्धत’ म्हणजे काय?

संशोधनाच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. संख्यात्मक पद्धत मोजते : किती लोक, किती वेळा, किती रुपये. गुणात्मक पद्धत ऐकते : का, कधीपासून, घरी माहीत आहे का. दोन्ही एकत्र वापरल्या की त्याला मिश्र पद्धत म्हणतात. फॉर्मच्या शेवटी ‘आपलं मत लिहा’ अशी रिकामी जागा ठेवली म्हणजे मिश्र पद्धत झाली, असं नाही. एका टप्प्यात जे कळलं त्याने पुढचा टप्पा बदलायला हवा.

लॉटरीसाठी तीन टप्प्यांची मांडणी उपयोगी पडते.

पहिल्या टप्प्यात फक्त ऐकायचं. नियमित घेणारे, सणाच्या बंपरलाच घेणारे, सोडून दिलेले, कधीच न घेणारे आणि विक्रेते अशा प्रत्येक गटातल्या काहींशी सविस्तर बोलायचं. घरातल्या माणसांशीही बोलायचं, पण वेगळं बसून. नवरा किती तिकिटं घेतो हे बायकोला माहीत नसेलही. पण घरखर्चातून काय कमी झालं, हे तिला नेमकं माहीत असतं. लोक कोणते शब्द वापरतात, हे इथेच कळतं. ‘आकडा लावतो’ आणि ‘तिकीट काढतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रश्नावली लिहिण्याआधी समजायला हवं.

दुसऱ्या टप्प्यात, या शब्दांतून तयार केलेली प्रश्नावली मोठ्या नमुन्याला द्यायची.

तिसऱ्या टप्प्यात पुन्हा लोकांकडे जायचं. आकड्यांमध्ये जे अनपेक्षित दिसलं त्याचा अर्थ विचारायचा. समजा, उत्पन्न वाढलेल्या घरांत तिकिटांवरचा खर्चही वाढलेला दिसला. तो हौसेने वाढला की गेलेले पैसे भरून काढायला, हे टक्केवारी सांगत नाही.

सर्व्हे स्टॉलवर करायचा की घरोघरी?

लॉटरी घेणारे स्टॉलवरच भेटतात, मग तिथेच उभं राहावं असं कोणालाही वाटेल. पण यात मोठा सापळा आहे.

समजा, एका वस्तीत महिन्यातून एकदाच तिकीट घेणारे ३०० लोक आहेत आणि रोज घेणारे १० आहेत. प्रत्येक जण एका वेळी एकच तिकीट घेतो. एका दिवशी स्टॉलवर उभं राहिलं तर रोज घेणारे दहाही जण भेटतील. महिन्यातून एकदा घेणाऱ्यांपैकी त्या दिवशी साधारण १० जणच येतील. सर्व्हे करणारा लिहील : ‘निम्मे ग्राहक रोज तिकीट घेतात.’ प्रत्यक्षात ३१० पैकी फक्त १० जण, म्हणजे सुमारे ३ टक्के, रोज घेतात.

गंमत अशी, की ‘निम्मे’ हा आकडाही पूर्ण खोटा नाही. त्या दिवशी विकल्या गेलेल्या तिकिटांपैकी निम्मी त्या १० जणांनीच घेतली. ग्राहकांत त्यांचा वाटा ३ टक्के आणि विक्रीत ५० टक्के. ‘बहुतेक लोक कधीतरीच तिकीट घेतात’ हेही खरं, आणि ‘धंदा रोज घेणाऱ्यांवर चालतो’ हेही खरं. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, पण लॉटरीवरचा अर्धा वाद असा दोन वेगळ्या भाजकांचा असतो.

म्हणून मुख्य नमुना घरोघरी, यादृच्छिक पद्धतीने निवडावा लागतो. त्यात रोज घेणारे फार थोडे सापडतात, म्हणून स्टॉलवरचा वेगळा नमुनाही जोडावा लागतो. तिथे प्रत्येकाला ‘महिन्यातून किती वेळा येता?’ हे विचारायचं आणि वारंवार येणाऱ्याचं वजन हिशेबात त्या प्रमाणात कमी करायचं.

लोक खरं बोलतील कशावरून?

राज्य लॉटरीचं तिकीट कायदेशीर आहे. मटका मात्र १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे ‘लॉटरी बंद झाली तर लोक मटक्याकडे वळतील का?’ हे शोधायचं तर लोकांना गुन्ह्याची कबुली मागावी लागते. अनोळखी माणसाला ती कोण देईल?

यावर १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर यांनी एक शक्कल मांडली. तिचं पुढे सोपं झालेलं रूप असं : उत्तर देणाऱ्याने नाणं उडवायचं आणि ते फक्त स्वतःच बघायचं. छापा आला तर काहीही असलं तरी ‘हो’ म्हणायचं. काटा आला तर खरं उत्तर द्यायचं. आता त्याच्या ‘हो’चा अर्थ समोरच्याला कळतच नाही.

पण एकूण हिशेब लागतो. २०० लोकांना विचारलं आणि १३० जण ‘हो’ म्हणाले. त्यातले सुमारे १०० छाप्यामुळे ‘हो’ म्हणाले असणार. उरलेल्या १०० जणांना काटा आला आणि त्यातले ३० खरोखर ‘हो’ म्हणाले. म्हणजे प्रमाण सुमारे ३० टक्के. एकाही माणसाचं गुपित फुटलं नाही. तोटा एवढाच, की अंदाज ढोबळ येतो आणि नमुना मोठा लागतो.

विचारण्यापेक्षा पाहणं बरं का?

काही बाबतीत हो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलन लँगर यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना एक डॉलरचं लॉटरी तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतंच ठेवलं. नंतर ‘हे तिकीट केवढ्याला विकाल?’ असं विचारलं. नुसतं हातात मिळालेल्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले, स्वतः निवडणाऱ्यांनी ८.६७ डॉलर. जिंकण्याची शक्यता दोघांचीही सारखीच होती.

‘स्वतः नंबर निवडला तर जिंकण्याची शक्यता वाढते का?’ असं सरळ विचारलं तर बरेच जण ‘छे’ म्हणतील. म्हणून चांगल्या मिश्र अभ्यासात स्टॉलवरचं निरीक्षण आणि काही आठवडे रोजचा खर्च लिहून ठेवण्याची डायरीही असते.

पद्धत बदलली तर आकडा किती बदलतो?

खूप. याचं ताजं उदाहरण ब्रिटनचंच आहे. जुगाराच्या त्रासाची तीव्रता नऊ प्रश्नांच्या एका ठरलेल्या चाचणीने मोजतात. इंग्लंडच्या २०२१ च्या आरोग्य सर्व्हेत गंभीर गटात ०.३ टक्के प्रौढ आले. जुलै २०२४ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या नव्या, मुख्यतः ऑनलाइन सर्व्हेचा पहिला वार्षिक अहवाल आला. त्याच चाचणीत, त्याच गटात २.५ टक्के.

लोक एवढ्यात बिघडले का? तसं म्हणता येत नाही. आधीचा सर्व्हे आरोग्याचा होता आणि त्यात जुगाराचे प्रश्न होते. नव्या सर्व्हेचा विषयच जुगार होता. ऑनलाइन फॉर्म एकट्याने भरताना लोक जास्त मोकळेपणाने सांगतात, त्यामुळे नवा आकडा सत्याच्या जवळ असू शकतो. उलट, विषय जुगाराचा आहे म्हटल्यावर खेळणारेच जास्त फॉर्म भरतात, त्यामुळे तो फुगलेलाही असू शकतो. तिथल्या जुगार आयोगानेच जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नका, असं बजावलं.

मग आपण काय पाहायचं?

लॉटरीवरच्या एखाद्या सर्व्हेचा आकडा फोनवर आला, तर फॉरवर्ड करण्याआधी चार गोष्टी तपासता येतात.

१) प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला होता? त्यात ‘लॉटरी’ म्हणजे काय, हे स्पष्ट केलं होतं का?

२) लोक कुठून निवडले? स्टॉलवरून, घरोघरी, की लिंक पाठवून?

३) टक्केवारी लोकांची आहे की तिकिटांची?

४) लोकांनी सांगितलेल्या खर्चाची बेरीज प्रत्यक्ष विक्रीशी ताडून पाहिली का? ती विक्रीपेक्षा फारच कमी भरत असेल, तर लोकांनी खर्च लपवला किंवा जास्त घेणारे नमुन्यात आलेच नाहीत.

सर्व्हे करणाऱ्यांची आणखी एक जबाबदारी असते. ज्याला खर्च आवरत नाही अशा माणसाला तासभर प्रश्न विचारून तसंच उठून जाता येत नाही. निदान ‘टेली मानस’चा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक त्याच्या हातात द्यायला हवा.

लॉटरीवरचा कर २०२० मध्ये सरसकट २८ टक्के झाला, आता ४० टक्के आहे. हा भार हौसेने बंपर घेणाऱ्यावर किती पडतो आणि रोज तिकीट घेणाऱ्याच्या घरावर किती, हे विक्रीच्या आकड्यातून कधीच दिसणार नाही. त्यासाठी आधी ऐकावं लागेल, मग मोजावं लागेल आणि पुन्हा जाऊन विचारावं लागेल.