चार इंचांचं पिल्लू, चार फुटांचा प्रश्न

मासेवाल्या दुकानात रेड टेल कॅटफिशचं पिल्लू बघितलंय कधी? काळं-पांढरं अंग, केशरी शेपूट, लांब मिशा. तीन-चार इंचांचं ते ध्यान काचेला तोंड लावून असं बघतं, की हात आपोआप पाकिटाकडे जातो. त्यात ‘मॉन्स्टर फिश’च्या रील्स रोज समोर येतातच. भारी वाटतं, मान्य. पण पैसे देण्याआधी जरा हिशेब करू या.

हा मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. पूर्ण वाढला की ४ फुटांपर्यंत जातो आणि १५ वर्षंसुद्धा जगू शकतो. म्हणजे अकरावीत आणलेलं पिल्लू तुम्ही तिशीला टेकाल तेव्हाही जेवण मागत असणार. मधल्या काळात तुम्ही होस्टेलला जाणार, नोकरीसाठी शहर बदलणार. टाकीचं पाणी बदलणार कोण? आई!

आता टाकी. एवढ्या माशाला निदान वळता तरी यायला हवं ना? १० फूट लांब, ५ फूट रुंद, ३ फूट उंच धरा. नुसत्या पाण्याचं वजनच ४ टनांहून जास्त होतं. सिव्हिलच्या मित्राला विचारा, घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. या टाकीचा भार ९०० किलोच्या वर जातो.

‘टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. खरं काय होतं? मांसाहारी मासा पाण्यात भरपूर अमोनिया सोडतो. थोड्या पाण्यात तो साठतो, कल्ल्यांना इजा होते, वाढ खुंटते. याला ‘ॲडजस्ट झाला’ म्हणायचं असेल तर कठीण आहे.

मग एक दिवस घरचे वैतागतात आणि मासा बादलीतून जवळच्या तलावात जातो. ‘मुक्त केलं’ म्हणून वर पुण्य मिळाल्याचं समाधान! खरा घोळ इथेच आहे. २०२३ मध्ये भोपाळच्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात अलिगेटर गार सापडला. हा उत्तर अमेरिकेतला मासा, ८ फुटांपर्यंत वाढणारा. तो काही पोहत भारतात आलेला नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नदीत ॲमेझॉनचा अरापायमा मिळाला. पाण्यात ऑक्सिजन कमी असला तरी हे दोन्ही मासे वर येऊन हवा गिळतात. म्हणजे आपल्या गढूळ तलावांतही ते तग धरू शकतात.

आणि समोर कोण असतं? आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० मध्ये एका बोटभर माशाच्या नव्या प्रजातीची नोंद झाली. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. सह्याद्रीतले असे कितीतरी मासे एखाद्या ओढ्यापुरतेच असतात. तिथे बाहेरचा एक मोठा शिकारी पोचला, तर त्यांना पळायला दुसरी नदी नाही.

मग मासे पाळायचेच नाहीत का? जरूर पाळा. शिकारीच हवा असेल तर फायटर आणा. तोही मांसाहारीच, डासांच्या अळ्या मटकावतो आणि टेबलावरच्या टाकीत सुखाने राहतो. घरात आधीच एखादा दांडगा मासा असेल, तर मोठी टाकी असलेला छंदी माणूस शोधा. वेळ लागेल, चार ठिकाणी विचारावं लागेल. पण नदी-तलाव हा पर्याय धरूच नका.

आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात, की भाव विचारण्याआधी ‘हा पूर्ण वाढून केवढा होतो?’ असं विचारा. ‘ते टाकीवर आहे’ असं उत्तर आलं, तर पाकीट खिशातच ठेवा.