माशीच्या बाटलीत जात नसते

गोरेगावच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका मित्राने मोबाईलवर वाचून दाखवले : फळांवरच्या माश्यांमध्ये जो नर दुर्मिळ, त्यालाच माद्या अधिक पसंत करतात. लगेच निष्कर्ष निघाला, "बघा, निसर्गच आंतरजातीय विवाहाच्या बाजूने आहे!" टाळ्या पडल्या. आमचा विरोध या टाळ्यांना आहे.

माहिती खोटी नाही. केळ्यांच्या गाडीवर घोंगावणारी चिलटं, म्हणजे ड्रोसोफिला. क्लोदीन पेती यांनी फ्रान्समध्ये 1951 साली, पुढे ली अर्मन यांनी अमेरिकेत दाखवले, की एकाच प्रजातीचे दोन प्रकार एकत्र सोडले तर संख्येने कमी असलेल्या नरांना प्रमाणापेक्षा जास्त जोडीदार मिळतात. तेच नर बहुसंख्य झाले की हा लाभ संपतो. मात्र 1980 मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी घरमाशीवर प्रयोग करून शंका उभी केली : ओळखीसाठी पंख कातरल्यानेही असा परिणाम दिसू शकतो. म्हणजे शिक्का मारणाऱ्याचा हात निकालात उतरतो. हे आपल्याला नवीन आहे काय?

आणि बाटलीत मादीला सगळे नर खुले असतात. आपल्या समाजात कोण कोणाला भेटणार हेच आधी ठरलेले. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनीही संख्येचाच हिशेब मांडला होता. लग्ने जातीतच करायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती हवी. नवरा मेला की बाई 'जादा', बायको मेली की पुरुष 'जादा'. मग जादा बाईला चितेवर चढवा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. जादा पुरुषाला कोवळी पोर द्या. हा हिशेब माणसांनी जुळवला, बायकांचा बळी देऊन.

1936 साली त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला, तो समता आणि बंधुतेसाठी. वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना त्यांनी त्याच पुस्तकात खोडून काढले. आज आपण माशीचा दाखला घेतला आणि उद्या एखाद्या प्रयोगात मादीने ओळखीचाच नर निवडला, तर काय करणार? मनुवाद्यांची माफी मागणार?

त्यापेक्षा आपल्याच घरातले बायोडाटा काढा. धर्म : बौद्ध. आणि खाली, बारीक अक्षरात, पोटजात. ती ओळ आपल्यापैकी कोणी लिहिली, हे आम्ही पुढच्या रविवारी विचारणार आहोत. टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांनी आपापला कागद घेऊन यावे.